रबरावर उडणारं बाल्साचं विमान: बांधणी, पीळ, ट्रिमिंग

टाचणी

पतंगांवर आणि थर्माकोलच्या रेडिओवाल्या विमानांवर धागे बरेच निघतात, रबराच्या पिळावर उडणाऱ्या फ्री फ्लाइटला मात्र कोणी वाली नाही. म्हणून हा धागा. चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच मॉडेल धरू: ४५ सेंमी पंखांचं साधं काठीविमान. हातातून सुटलं की सुटलं, मग त्यावर आपला काही ताबा नाही. चढ, वळण, उतार, सगळं जमिनीवरच त्यात बसवून ठेवावं लागतं. यालाच ट्रिमिंग म्हणायचं.

मापं अशी. पंख ४५० × १०० मिमी, आडवं शेपूट १८० × ६०, उभं शेपूट ७० × ६०, काठी ४ × १० मिमी जाडीची आणि ४०० लांब. रबर अडकवायच्या पुढच्या-मागच्या हुकांत अंतर २५० मिमी. प्रॉपेलर १५ सेंमीचा, तयार प्लास्टिकचा. रबर सोडून सगळं मिळून १० ते १२ ग्रॅमच्या आत बसायला हवं. १५ च्या पुढे गेलं तरी उडेल, पण धापा टाकत.

बाल्साचं लाकूड निवडताना बोटांवर नाही, काट्यावर भरवसा ठेवा. ७५ × ९१५ मिमीच्या १.५ मिमी जाड शीटचं घनफळ १०३ घनसेंमी भरतं. ती शीट १० ग्रॅम भरली तर घनता १०० किलो प्रति घनमीटर, साडेसोळा भरली तर १६०. रिबांना (पंखाच्या कमानदार फासळ्यांना) १०० च्या आसपासचं हलकं लाकूड पुरतं, पंखाच्या कडांच्या ३ × ३ मिमी पट्ट्यांना १४०-१६० चं लागतं. काठीला १७० च्या खाली जाऊ नका: पीळ भरला की रबर काठीला धनुष्यासारखी वाकवतं, आणि काठी वाकली की पंख-शेपटातला कोन बदलतो. विमान हातातून सुटताना एक असतं आणि हवेत दुसरंच होतं.

शीट उजेडात धरून रेषा बघा. पृष्ठभागावर मासळीच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके असतील तर ते लाकूड आडवं ताठ असतं, वाकवलं तर तडकतं. रिबा त्याच्या काढा. लांब सरळ रेषांचं, आडवं सहज वळणारं लाकूड नळ्या-गोलाईसाठी. रिबांना ते वापरलं तर पंख ओल्या पापडासारखा होतो.

रिबा सात, ७५ मिमी अंतरानं, १.५ मिमीच्या शीटमधून कापलेल्या. कमानीची उंची ६ मिमी, आणि ती पुढच्या कडेपासून ३५ मिमीवर. पुठ्ठ्याचा साचा करायचा, कटर एकदा फिरवायचा, साचा ३ मिमी खाली सरकवून पुन्हा फिरवायचा. सगळ्या रिबा एकसारख्या निघतात. पातं नवं हवं. बोथट पातं बाल्सा कापत नाही, चिरडतं.

नकाशावर बटर पेपर, त्यावर टाचण्या. टाचणी लाकडात खुपसायची नाही, दोन बाजूंनी तिरकी लावून पट्टी धरायची. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी. कापलेल्या टोकाला आधी एक हात द्या, मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. बाल्साची टोकं गोंद पितात, त्यामुळे एकाच हातात जोडलेला सांधा बाहेरून भरलेला दिसतो आणि आत कोरडा असतो. फेविक्विक मैदानावरच्या दुरुस्तीसाठी खिशात ठेवा.

पंखाला मध्ये व्ही द्यायचा. एक अर्धा बोर्डावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक ७५ ते ७८ मिमी उचललं की दोन्ही बाजूंना साधारण १० अंश येतात. मधल्या रिबेच्या दोन्ही कडा पॉलिश पेपरनं तिरक्या घासून घ्या. फट गोंदानं भरायची सवय इथेच सुटते किंवा कायमची लागते.

पंख काठीला चिकटवू नका, दोन छोट्या खुंट्यांवर बसवून रबरबँडनं बांधा, म्हणजे पुढे-मागे सरकवता येतो. पुढची खुंटी मागचीपेक्षा ५ मिमी उंच. १०० मिमी रुंदीवर ५ मिमी म्हणजे जवळजवळ ३ अंश. आडवं शेपूट काठीला समांतर, शून्यावर.

उडाणटप्पू

उत्तम धागा. कागदाबद्दल मी भर घालतो.

जपानी टिश्यू चौरस मीटरला साधारण १२ ग्रॅम असतो आणि ओला झाला तरी ताकद सोडत नाही. तो नसेल तर आपल्या पतंगाचा कागद चालतो, मात्र थोडा जड पडतो आणि पाण्यानं कमी आवळतो. दुकानात हाताला येईल तो ताव उचलू नका: कोपरा फाडून बघा. एका दिशेनं सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. सरळ फाटणारी दिशा पंखाच्या लांबीला ठेवायची. उलट लावलात तर रिबांच्या मधला कागद खोलगट बसतो, कमान नुसती रिबांवर उरते.

चिकटवायला ग्लू स्टिक किंवा पातळ फेविकॉल, फक्त बाहेरच्या चौकटीला. वरच्या बाजूनं कमानीवरून रिबांनाही टेकला पाहिजे. ताणून लावायचा मोह आवरा, सुरकुत्या तेवढ्या काढा. ताण पाण्यानं येतो. बारीक फवारा मारा आणि ओला असतानाच पंखाचा तो अर्धा बोर्डावर टाचण्यांनी धरून ठेवा, सुकेपर्यंत. ही पायरी गाळली की पंख पिळवटतो.

पावसाळ्यात कागद सैल पडतो, उन्हात पुन्हा आवळतो, आणि दर वेळी पंखाचा पीळ थोडा बदलतो. कोकणात हा त्रास जास्त. नायट्रेट डोप (कागद आवळणारं पातळ वार्निश) निम्मा थिनर घालून एक पातळ हात दिला तर दमटपणा बराच अडतो. डोपमध्ये एरंडेलाचे दोन-तीन थेंब टाका, नाहीतर तो महिनोन्‌महिने आवळत राहतो आणि शेपटासारखा नाजूक सांगाडा केळीच्या सालीसारखा वळतो. खरं तर एवढ्या छोट्या शेपटाला डोप नकोच.

वळलेला पंख किटलीच्या वाफेवर धरून, उलट दिशेला थोडा जास्त पिळून, थंड होईपर्यंत तसाच धरला तर सरळ होतो. हे उडवायच्या दिवशी सकाळी मागून, डोळा काठीच्या रेषेत ठेवून तपासायचं.

गोफवाला

आता इंजिनाकडे या. म्हणजे रबराकडे.

मॉडेलसाठी मिळणारी नैसर्गिक रबराची पट्टी १ मिमीच्या आसपास जाड असते, रुंदी २.४, ३.२, ६.४ मिमी अशी. ३.२ ची पट्टी मीटरला सुमारे ३.२ ग्रॅम भरते. या विमानाला तिची एक कडी पुरे, म्हणजे दोन पदर. हुकांतलं अंतर २५ सेंमी, तर कडी ३५ सेंमीची करा. ७० सेंमी पट्टी लागेल, वजन सव्वादोन ग्रॅम.

नव्या पट्टीला पावडर असते. सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा. गाठ आधी मारायची, तेल नंतर. उलट केलंत तर गाठ पहिल्याच पिळात सुटते. चौकोनी गाठ, मारताना थुंकीनं ओली करून आवळायची, शेपट्या ५ मिमी ठेवायच्या. गाठ मागच्या हुकाकडे.

वंगण म्हणून सिलिकॉन तेल सर्वांत बरं, एरंडेलही जुनंजाणतं आहे. मशीनचं तेल आणि व्हॅसलीन बंद. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडून तुटतं. सायकलची ट्यूब कापून वापरू का, असं हमखास विचारलं जातं. नको. ती सहसा ब्युटाइल असते, ताणताना घेतलेल्या शक्तीतली बरीच ती उष्णतेत घालवते. शिवणकामाचं इलॅस्टिकही नको.

पिळांचं गणित: चांगल्या ताज्या रबराची ३.२ मिमीची कडी सेंटीमीटरला २८-३० पिळांच्या आसपास तुटते. सुरुवातीला २० वर थांबा. ३५ सेंमीची कडी, म्हणजे ७०० पीळ. पदर वाढवले की पीळ वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात: दोनाचे चार पदर केले तर सेंटीमीटरला २० च्या जागी १४. जोर मात्र जाडीच्या दीडाव्या घातानं वाढतो. ३ मिमीऐवजी ४ मिमी पट्टी लावली तर पीळ १५ टक्क्यांच्या आसपास घटतात, जोर दीडपट होतो. ‘उडत नाही, जाड रबर लाव’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. न ट्रिम केलेल्या विमानाला दीडपट जोर म्हणजे दीडपट जोरात आपटणं.

भरायची पद्धत: विमान कोणीतरी धरायचं, काठीला दोन्ही टोकांना आधार देऊन. रबर पुढून सोडवून वाइंडरच्या हुकात घ्या (हँडड्रिलच्या चकमध्ये वाकवलेली तार चालते, दांड्याच्या एका फेरीत चक किती फिरतो ते आधी मोजून ठेवा). मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणा, निम्मे पीळ तिथेच उभं राहून भरा, मग उरलेले भरत हळूहळू पुढे या. न ताणता भरलेल्या पिळाच्या गाठी एका जागी गोळा होतात आणि निम्म्यावरच रबर तुटतं. डोळ्याला चष्मा हवा. आणि काम झालं की रबर डब्यात, अंधारात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेलं रबर मेलं समजा.

नवा_पंख

वरच्या मापांप्रमाणेच मॉडेल आहे, वजन ११.५. हातानं सोडलं तर ग्लाइड (बिनपिळाचं तरंगत उतरणं) छान. १५० पिळांवर सरळ जातं. ३०० भरले की नाक वर, वर, मग थांबतं आणि धपकन खाली. नाकाला प्लास्टिसिन लावलं तर ३०० वर बरं उडतं, पण रबर संपल्यावर डोक्यावर येतं. कोणीतरी सांगितलं शेपटाची मागची कड खाली वाकव. तेच झालं. काय चुकतंय?

टाचणी

ग्लाइड बरोबर होता तो तुम्ही बिघडवलात, एवढंच चुकतंय. प्लास्टिसिन काढा, शेपूट सरळ करा.

पंख आणि शेपटातला ३ अंशांचा फरक ग्लाइडच्या वेगाला जुळवलेला आहे. पीळ जास्त भरला की वेग वाढतो, आणि उचल वेगाच्या वर्गानं वाढते. नाक वर जाणारच. हा दोष फक्त रबर चालू असताना आहे, तर इलाजही फक्त रबर चालू असतानाच लागू पडणारा पाहिजे. असा एकच आहे: प्रॉपेलरचा अक्ष खाली झुकवणं, म्हणजे डाउनथ्रस्ट. रबर संपलं की तो आपोआप नाहीसा होतो.

प्रॉपेलरची तार ज्यात फिरते ते बेअरिंग ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एल असेल तर बारीक पकडीनं वाकवा. किती, ते पात्यावर मोजा. प्रॉपेलर उभा धरला तर वरचं टोक खालच्यापेक्षा ५ मिमी पुढे आलं म्हणजे २ अंश (१५ सेंमीच्या प्रॉपला). २ पासून सुरू करा, ३०० पीळ पुन्हा. अजून नाक काढत असेल तर आणखी एक अंश.

क्रम कधी मोडू नका: आधी पंखाचा वाकडेपणा, मग तोल, मग ग्लाइड, मग पॉवर (पीळ भरून उडवणं). तोल रबर लावलेल्या अवस्थेत पुढच्या कडेपासून ४० मिमीवर, दोन बोटांवर. ग्लाइडला विमान खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, समोर पंधरा-वीस मीटरवरच्या जागेकडे बघून नुसतं ढकलायचं. भाला नाही फेकायचा. आठ-नऊ मीटर जाऊन पोटावर टेकलं तर झालं. नाक खाली घालत असेल तर पंख २ मिमी पुढे. हेलकावे खात असेल तर २ मिमी मागे. पॉवरला १५०, २५०, ४००, ५५०, ७००. एका वेळी एकच बदल, आणि तो पंखावरच पेन्सिलीनं लिहून ठेवा.

उडाणटप्पू

किंचित असहमत. ७०० पिळांना ४-५ अंश डाउनथ्रस्ट लागत असेल तर दोष पंखाच्या कोनात आहे. अशा वेळी पुढची खुंटी ५ वरून ४ मिमी करा आणि तोल ५ मिमी मागे न्या. दोन्ही एकदमच करायचं, एकटं नाही. वेग वाढला तरी नाक तेवढं उसळत नाही.

टाचणी

मान्य, पण नवशिक्याला नको. तोल मागे नेला की विमान स्वतःहून सावरायला हळू होतं, आणि डुबकीतून वर यायला उंची लागते. १८७१ मध्ये फ्रेंच संशोधक अल्फोन्स पेनोनं पॅरिसच्या ट्विलरी बागेत रबरावरचं विमान ११ सेकंद, सुमारे ४० मीटर उडवलं ते याच कोनाच्या जोरावर: शेपटाचा कोन पंखापेक्षा कमी. आधी तो फरक राखून उडवा, मग कापा.

सावरकापूस

डावीकडच्या गिरकीबद्दल कोणीच बोललं नाही. निम्मी विमानं त्यातच मोडतात.

प्रॉप मागून बघता घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलतं. भरपूर पिळाला हा जोर सर्वांत जास्त, पहिल्या काही सेकंदांत. याच्याशी भांडू नका, डावं वळणच घ्या, फक्त आतला पंख पडू देऊ नका. डाव्या पंखाच्या टोकाशी मागची कड २ मिमी खाली, उजवा सपाट. आतला पंख किंचित जास्त उचलतो आणि वळण खोल जात नाही. ग्लाइडचं वळण उभ्या शेपटाच्या मागच्या कडेला १-२ मिमी डावीकडे वाकवून. जास्त वाकवलंत तर पॉवरवर तीच गिरकी. वर्तुळ १० ते १२ मीटर व्यासाचं दिसलं की हात आवरा.

अजून एक: वळण लागलं की नाक थोडं खाली येतं, म्हणून वळण बसवल्यावर डाउनथ्रस्ट पुन्हा तपासा. बऱ्याचदा एक अंश काढावा लागतो.

अवांतर: आमचा आयडी उगाच नाही. बाल्सा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, बाजारातला बहुतेक इक्वाडोरचा, पण तो आपल्या काटेसावरीचा नातलग आहे. त्याच्या बोंडातूनही सावरीसारखाच कापूस निघतो. सावरीचं लाकूड मात्र काड्यापेट्या आणि खोक्यांचं, पंखाला जड.

बाशिंग

मग भेंड का नको? बाल्साच्या शीटचा भाव बघता विचारतोय. भेंड तर बाल्सापेक्षाही हलकं.

सावरकापूस

हलकं आहे, पण त्याला उभा धागाच नाही. बाशिंगाला चालतं, कारण तिथे कोणी ताणत नाही. स्पार (पंखाचा लांब कणा) केला तर कडकन मोडेल. पंखाच्या टोकाचे गोल ठोकळे किंवा नाकाची भर, एवढ्याला भेंड झकास. कडांना बांबूची १ मिमी कामटी चालेल, पतंगवाल्याकडून तासून घ्या; वजन वाढेल पण मोडणार नाही.

बेअरिंग आणि प्रॉपच्या मधल्या मण्यासाठी कासाराकडचा काळ्या पोतीचा काचेचा मणी घ्या. भोक गुळगुळीत असतं, ०.८ मिमीची तार बेतात बसते. दोन मणी लावले तर घर्षण आणखी कमी. प्रॉपच्या हुकाची तार सरळ आहे ना ते बघा. डगमगणारा प्रॉप पाचातला एक पीळ हादऱ्यातच खातो असं समजा.

मांजा_नको

प्लास्टिकचा तयार प्रॉप जड वाटत असेल तर श्रीखंडाच्या गोल डब्याच्या भिंतीतून पाती कापता येतात. उभ्या रेषेपासून १५ अंश तिरकी कापायची, म्हणजे डब्याच्या गोलाईतून पिळ आपोआप मिळतो. मध्ये ३ मिमीची बाल्सा किंवा बांबूची दांडी. दोन्ही पाती एकाच दिशेला तिरकी काढा, आरशातली जोडी नको! ही चूक फार होते आणि प्रॉप जागच्या जागी गरगरतो.

वेळ सकाळी सातच्या आत. मार्च-एप्रिलमध्ये साडेनवाला माळ तापतो, थर्मल (गरम हवेचे वर चढणारे झोत) सुटतात. घारी पंख न हलवता वर चढताना दिसल्या की ७०० पीळ भरू नका, विमान परत येणार नाही. मोठ्या मॉडेलना यासाठी डीथर्मलायझर असतो: ठरल्या वेळी आडव्या शेपटाची मागची कड ४०-४५ अंश वर उचलली जाते आणि विमान सपाट पोटानं खाली बसतं. पेटत्या वातीवर चालणारा प्रकार आपल्याकडे वाळल्या गवतात लावू नका. चिकट द्रवाचा छोटा टायमर घ्या.

नवा_पंख

२ अंश दिले, ३०० आणि ४०० ला आता व्यवस्थित चढतंय. पण शेवटी, प्रॉप थांबताना, दोन हेलकावे येतात. आणि हे जमलं की पुढे काय बांधावं?

गोफवाला

हेलकावे रबराचे. तुमची कडी हुकांपेक्षा १० सेंमी लांब आहे, पीळ उतरला की ती सैल पडून मागे गोळा होते आणि तोल मागे जातो. तिचा गोफ करा. ३.२ च्याच पट्टीची ७० सेंमीची कडी करून दुमडलीत तर ३.२ चे पदर चार होतात आणि विमान वेगळंच होतं, म्हणून नीट वाचा: १४० सेंमी पट्टी १.६ मिमी रुंद कापून घ्या, गाठ मारून ७० ची कडी करा, एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकानं ५०-६० पीळ भरा, मग मधोमध बोट घालून दुमडा आणि सोडा. ती स्वतःभोवती गुंडाळून हुकांच्या अंतराएवढी आखडते. चार पदर १.६ चे म्हणजे जाडी तेवढीच, वजन तेवढंच, सैलपणा गायब. पीळ भरताना गोफाच्याच दिशेनं भरायचे.

पुढे पी-३० बांधा, रबरविमानांच्या स्पर्धेतला एक वर्ग. लांबी आणि पंख दोन्ही जास्तीत जास्त ३० इंच, रबर १० ग्रॅम, विमान रबराशिवाय किमान ४० ग्रॅम, प्रॉप बाजारातला प्लास्टिकचा ९.५ इंचांपर्यंत. त्यात ३.२ मिमीचे सहा पदर येतात, आणि डीथर्मलायझर लागतोच.

उडाणटप्पू

टाचणी, तुमच्या ५ मिमीच्या मोजणीत एक खोच. वरच्या टोकाची तुलना खालच्या टोकाशी करू नका, प्लास्टिकची दोन पाती क्वचितच एका पातळीत असतात. एकाच पात्यावर शाईचा ठिपका द्या, तोच ठिपका आधी वर, मग खाली आणून गुण्यानं मोजा. आणि मोजताना प्रॉप रबरानं मागे ओढलेला असू द्या, नाहीतर मण्यातली ढिलाईच अर्धा अंश दाखवते.